डहाणूचें रान आणि राज्यकर्त्यांची दृष्टि

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेस जाणाऱ्या प्रवाशाला पालघर व बोईसर हीं स्टेशनें मागें पडल्यावर वाणगांव लागतें. गाडी येथें फार वेळ थांबत नाहीं. परंतु तेवढ्या अवकाशांत डब्याच्या दोन्ही खिडक्यांतून जो देखावा दिसतो, त्यांत एका मोठ्या इतिहासाचें सार सांपडतें. पूर्वेच्या बाजूस भाताचीं खाचरें, मिरचीचीं शेतें, वारली लोकांचे पाडे आणि त्यांच्यामागें जव्हाराच्या दिशेनें चढत गेलेल्या टेंकड्या आहेत. पश्चिमेस समुद्र दृष्टीला पडत नसला तरी त्याचा वारा अंगाला लागतो; चिंचणी, वरोर, वाढवण हीं किनाऱ्यावरचीं गांवें तिकडे थोड्याच मैलांवर आहेत. टेंकड्यांपासून समुद्रापर्यंत पसरलेला हा मुलूख म्हणजे डहाणू तालुका. १९४७ पूर्वीं तो ठाणें जिल्ह्याचा भाग होता, पुढेंही अनेक वर्षें राहिला, आणि २०१४ सालीं पालघर हा नवा जिल्हा झाल्यावर त्यांत गेला.

या एका तालुक्यासंबंधीं गेल्या पावणेदोनशें वर्षांत निरनिराळ्या सत्ताधाऱ्यांनीं जे निर्णय घेतले, ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. हवा बिघडते, झरे आटतात, पाऊस हुलकावणी देतो, हें भय जवळजवळ प्रत्येक पिढीला वाटलेलें आहे. त्यावरचे उपाय मात्र प्रत्येक पिढीनें निराळे योजले. भय एक आणि उपाय अनेक, असें कां व्हावें? शास्त्रीय ज्ञान कमीअधिक असल्यामुळें असें झालें, असें उत्तर कोणी देईल. परंतु तें अर्धेंच खरें आहे. सारख्याच माहितीवरून दोन अधिकारी दोन विरुद्ध हुकूम काढतात, याचीं उदाहरणें याच तालुक्याच्या दप्तरांत आहेत. राज्यकर्ता निसर्गाकडे काय म्हणून पाहतो, रान हा त्याला ठेवा वाटतो, तिजोरी वाटते कीं कोणाचें तरी घर वाटतें, यावर त्याचा उपाय ठरतो. डहाणूची कथा ही या दृष्टिभेदाची कथा आहे.

मनुष्याच्या करणीनें हवापाणी बिघडतें ही कल्पना आजकालची नव्हे. अठराव्या शतकांत हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट फ्रेंचांच्या ताब्यांत असतां तेथें जंगलतोड झपाट्यानें झाली; तेव्हां पिएर प्वाव्र या तेथील अधिकाऱ्यानें, झाडें गेलीं तर पाऊसही जाईल, असा इशारा देऊन जंगलें राखण्याचे नियम करविले. १८०० सालीं अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन संशोधक व्हेनेझुएलांतील व्हालेन्सिया सरोवरावर गेला. सरोवराचें पाणी वर्षानुवर्षें हटत असल्याचें त्याला आढळलें, आणि भोंवतालची झाडी तोडल्याचा हा परिणाम होय, असें मत त्यानें मांडलें. हीं मतें ग्रंथांतून फिरत फिरत हिंदुस्थानांत पोंचलीं. येथें तीं सर्वांत अगोदर कोणी उचललीं असतील, तर कंपनी सरकारच्या नोकरींतील डॉक्टरांनीं. वनस्पतिशास्त्र हा त्या काळीं वैद्यकाचाच एक भाग असे; म्हणून झाडाची नाडी पाहण्याची संवय या मंडळींना सहजच लागलेली होती.

त्यांपैकीं अलेक्झांडर गिब्सन याचा ठाणें जिल्ह्याच्या रानाशीं प्रत्यक्ष संबंध आला. १८०० सालीं स्कॉटलंडांत जन्मलेला हा शस्त्रवैद्य १८२५ मध्यें कंपनीच्या नोकरींत शिरला. १८३८ पासून पुण्याजवळील दापुरी येथल्या सरकारी वनस्पति-उद्यानाचा तो अधिकारी होता. औषधी वनस्पति लावणें व त्यांपासून केलेलीं द्रव्यें सरकारी दवाखान्यांना पुरविणें हें त्याचें मुख्य काम. या निमित्तानें त्यानें घाटावरचा व कोंकणांतला पुष्कळ मुलूख पाहिला. कोंकणांत झाडी तुटली कीं डोंगरांतले झरे आटतात आणि प्रदेश रखरखीत होत जातो, असें १८४० नंतरच्या दशकांत तो सरकारला कळवूं लागला. अखेर १८४७ सालीं मुंबई सरकारनें त्यालाच इलाख्याच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलें, आणि १८६० पर्यंत तो त्या जागीं होता. इलाख्याचीं सगळीं जंगलें एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं देण्याचें हिंदुस्थानांतील हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय.

गिब्सनची दृष्टि वैद्याची होती. देह जसा, तसा देश. एक अवयव बिघडला कीं दुसऱ्याला पीडा होते, हें त्यानें जमिनीवर पाहिलें. डोंगरमाथ्यावरचें झाड आणि पायथ्याच्या विहिरीचें पाणी यांचा संबंध महसुलाच्या कागदांत कोठेंच नव्हता. तो त्यानें दाखवून दिला. परंतु ज्या मालकांची तो चाकरी करीत होता ती एक व्यापारी कंपनी होती. तिला केवळ निसर्गप्रेमाच्या गोष्टी सांगून भागलें नसतें. म्हणून त्या काळच्या या डॉक्टरांना आपलें म्हणणें खजिन्याच्या भाषेंत मांडावें लागे: पाऊस हटला तर दुष्काळ पडेल, दुष्काळ पडला तर सारा बुडेल आणि रयत बेचैन होईल. १८५१ सालीं विलायतेंतील ब्रिटिश असोसिएशनपुढें उष्ण प्रदेशांतील जंगलांच्या नाशाविषयीं जो अहवाल आला, तो तयार करण्यांत मद्रासकडील डॉक्टर ह्यू क्लेगहॉर्न प्रमुख होता. जंगल राखणें हें राज्याचें कर्तव्य आहे, असा विचार अशा रीतीनें मान्य होत चालला.

या वैद्यकी दृष्टीला एक अंधारी बाजूही होती. रोग कोणामुळें झाला, याचा शोध करतांना गिब्सनचें बोट लांकडाच्या व्यापाऱ्यांकडे जसें वळलें तसेंच डोंगरांतल्या फिरत्या शेतीकडेही वळलें. या शेतीला कोंकणांत दळी व कानडी मुलखांत कुमरी म्हणत. रानाचा एक तुकडा तोडून जाळावयाचा, राखेंत नागली किंवा वरी पेरावयाची, दोनतीन वर्षांनीं तो तुकडा सोडून दुसरीकडे जावयाचें, अशी ती रीत. सोडलेल्या तुकड्यावर रान पुन्हां उभें राहतें, ही गोष्ट त्या रीतीचा आधार होती. साहेबाच्या डोळ्याला मात्र त्यांत फक्त जाळपोळ दिसली. जहाजांच्या गोद्यांना व मोठ्या शहरांना जें इमारती लांकूड लागे त्याच्या मानानें डोंगरांतल्या माणसाची कुऱ्हाड लहान होती; पण ती अडविणें सोपें होतें.

आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर गिब्सनचें म्हणणें अर्धें उतरतें. डहाणूचा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांवर आणि त्यांना अडविणाऱ्या सह्याद्रीवर अवलंबून आहे. येथलें रान गेलें म्हणून तो अजीबात थांबला नसता. परंतु पडलेलें पाणी जमिनींत मुरविणें, झऱ्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरविणें आणि माती जागच्या जागीं धरून ठेवणें हें काम रानच करतें, याविषयीं तो चुकला नव्हता.

गिब्सन निवृत्त झाला त्या सुमारास या मुलखांतून लोहमार्ग चालला होता. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गुजराथेकडील लाईन १८६४ सालीं मुंबईला येऊन मिळाली. रुळांखालीं घालावयाला लांकूड हवें, पुलांना हवें, मुंबईच्या वाढत्या घरांना तर किती हवें याला सुमार नाहीं. डहाणूच्या रानांतला साग आतां मुंबईच्या दाराशीं आला. १८६४ सालींच हिंदुस्थान सरकारचें जंगलखातें स्थापन होऊन डिट्रिक ब्रँडिस त्याचा प्रमुख झाला. १८६५ सालीं पहिला आणि १८७८ सालीं दुसरा, अधिक कडक, असा जंगलचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्यानें राखीव व संरक्षित असे जंगलाचे वर्ग पाडले आणि राखीव जंगलांत रयतेचा जो पूर्वापार वावर होता तो हक्क म्हणून न राहतां सरकारच्या मर्जीवर आला.

येथें पाहण्यासारखें हें कीं, पावसाचा सिद्धांत तोच राहिला आणि त्याचा अर्थ मात्र पालटला. गिब्सनला झाड हवें होतें तें पाण्यासाठीं. आतां झाड हवें होतें तें सागाच्या उत्पन्नासाठीं, आणि पाण्याचें कारण त्या उत्पन्नाला शोभा आणण्यापुरतें उरलें. ज्या दृष्टीला रान ही तिजोरी वाटते तिला रानांत फिरणारा माणूस चोर वाटणार, हें ओघानेंच आलें.

ठाणें जिल्ह्यांत हा झगडा राबावरून पेटला. पावसाळ्यापूर्वीं झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर खाचराच्या एका तुकड्यावर रचून जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जमिनींत भाताचें किंवा नागलीचें बीं पेरून रोप तयार करावयाचें, याला राब म्हणतात. भातशेतीचा हा पाया. परंतु राबासाठीं फांद्या छाटल्यानें झाडें खुरटतात, असें म्हणून जंगलखात्यानें त्यावर निर्बंध घातले. शेतकरी, जमीनदार व आदिवासी या सर्वांचीच त्यामुळें अडचण झाली. तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला एक जंगल कमिशन नेमावें लागलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या गाऱ्हाण्यांचा विचार हें त्याचें मुख्य काम होतें आणि राबाचा हक्क हा त्यांतील एक मुख्य प्रश्न होता. १८८७ सालीं कमिशननें आपला अहवाल दिला. कांहीं सवलती मिळाल्या. रान कोणाचें, या मूळ प्रश्नाला मात्र हात लागला नाहीं.

त्याच दशकांत पुण्यास एक पुरुष याच प्रश्नाकडे अगदीं वेगळ्या बाजूनें पाहत होते. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गांवचीं गायरानें व डोंगरांतल्या चराईच्या जागा जंगलखात्यानें गिळल्या आणि गरिबाची शेळी चरावयाला वाव राहिला नाहीं, ही त्यांची तक्रार प्रसिद्धच आहे. परंतु ते तक्रारीवर थांबले नाहींत. पावसाबरोबर डोंगरांवरचें सत्त्व वाहून जातें तें शेतांत अडवावें, ठिकठिकाणीं ताली व बंधारे बांधून पाणी जमिनींत मुरवावें, आणि हें काम सरकारनें आपल्या रिकाम्या पलटणी व पोलीस लावून करावें, असा उपाय त्यांनीं सुचविला. पाणी मुरलें पाहिजे हें गिब्सनही म्हणत होता. परंतु गिब्सनच्या योजनेंत शेतकऱ्याला रानाबाहेर काढावयाचें होतें आणि जोतीरावांच्या योजनेंत सरकारी शिपायाला शेतांत आणावयाचें होतें. सरकारनें जोतीरावांचें ऐकलें नाहीं. त्यांचा शेतकरी सरकारच्या दृष्टींत कर देणारा होता, सल्ला देणारा नव्हता.

डहाणूच्या टेंकड्यांतील वारल्यांना तर सल्ला कोण विचारणार? त्यांची स्वतःची एक जीवनदृष्टि होती आणि आहे. हिरवा देव, वाघदेव आणि धान्याची माता कणसरी यांच्या पूजेंत रान, श्वापद व शेत हीं तिन्हीं येतात. लग्नाच्या चौकांतल्या त्यांच्या पांढऱ्या चित्रांतही माणूस आणि झाड सारख्याच मानानें उभीं असतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जमीन सावकार व जमीनदारांकडे आणि रान सरकारकडे गेलें, आणि वारली दोन्ही ठिकाणीं वेठीला उरला. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं किसान सभेनें डहाणू, तलासरीच्या भागांत वेठबिगारीविरुद्ध चळवळ उभारली. गवत कापणाऱ्यांच्या व रानांत लांकूड तोडणाऱ्यांच्या मजुरीसाठीं संप झाले आणि गोळीबारांत माणसें पडलीं. या नेत्यांची दृष्टि मनुष्याच्या सुटकेवर होती. रान वांचविणें हा त्यांच्या मागण्यांचा विषय नव्हता. परंतु रानांतला माणूस ताठ उभा राहिल्याखेरीज रानाविषयींची कोणतीही गोष्ट त्याच्याशीं बोलतां येणार नव्हती, आणि तें काम त्यांनीं केलें.

स्वराज्यानंतर दृष्टि पालटली. पण एका बाजूला नव्हे, एकदम दोन बाजूंना. वाणगांवच्या दक्षिणेस जवळच असलेल्या तारापूरला देशांतलें पहिलें अणुवीज-केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. यंत्रशक्तीनें दारिद्र्य हटेल हा त्या पिढीचा विश्वास तेथें उभा राहिला. त्या वेळीं पंतप्रधान असलेल्या इंदिरा गांधी १९७२ च्या जूनमध्यें स्टॉकहोमला भरलेल्या मानवी पर्यावरण परिषदेस गेल्या. यजमान देशाच्या पंतप्रधानांखेरीज तेथें गेलेल्या त्या एकट्याच पंतप्रधान होत. दारिद्र्य दूर केल्यावांचून गरीब देशांना निसर्ग राखतां येणार नाहीं, आणि श्रीमंत देशांनीं स्वतः उधळपट्टी करून इतरांना संयम शिकवूं नये, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. याच बाईंनीं १९८१ च्या नोव्हेंबरांत किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावयास सांगितलें. त्या पत्राचें बीज पुढें १९९१ च्या फेब्रुवारींत किनारा-नियमनाच्या अधिसूचनेच्या रूपानें उगवलें. कारखाना आणि किनारा हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या विचारांत नांदत होते. त्यांतला कोणता केव्हां वर येईल हें मात्र सांगतां येत नसे.

डहाणूला हा पेंच लगेच पडला. मुंबईची विजेची गरज भागविण्यासाठीं डहाणूच्या खाडीकांठीं ५०० मेगावॅटचें, कोळशावर चालणारें औष्णिक केंद्र उभारण्यास १९८९ सालीं परवानगी मिळाली. येथल्या चिकूच्या वाड्या, भातशेती आणि मासेमारी यांवर राखेचा व धुराचा परिणाम होईल, म्हणून नर्गीस इराणी प्रभृति स्थानिक मंडळी न्यायालयांत गेली. केंद्र थांबलें नाहीं. १९९५ सालीं तेथें वीज निघूं लागली. परंतु या भांडणांतून दुसरेंच फळ निघालें. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांना एकंदर ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोंवतीं २५ किलोमीटरांचा पट्टा राखण्याचें ठरविलें. ही अधिसूचना कागदावर राहते असें पाहून ‘सँक्चुअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल प्रभृतींनीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला, आणि त्याप्रमाणें त्या वर्षाच्या डिसेंबरांत डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें.

त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी झाले. गिब्सननंतर या रानाला असा अधिकारी मिळाला होता कीं ज्याची दृष्टि त्याच्या हुद्द्याहून मोठी होती. १९२७ सालीं रायपुरास जन्मलेले चंद्रशेखर हे सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे चिरंजीव. वर्ध्याच्या गांधीविचाराच्या वातावरणांत ते वाढले, ४२ च्या आंदोलनांत विद्यार्थिदशेंत पडले आणि पुढें १९७२ पासून १९८९ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयांत न्यायाधीश होते. निसर्ग ही आपल्या मालकीची वस्तु नसून पुढील पिढ्यांची ठेव आहे आणि आपण तिचे विश्वस्त आहों, हा गांधीजींचा विचार त्यांच्या बाबतींत सभेंत सांगावयाचा नव्हता. तो निकालांत उतरला. प्राधिकरणापुढील सुनावण्या उघड्या असत, आणि कंपनीच्या वकिलाप्रमाणेंच किनाऱ्यावरचा मच्छीमार व पाड्यावरचा वारली यांनाही तेथें बोलतां येई. पावणेदोनशें वर्षांच्या या कथेंत रानांतल्या माणसाला साक्षीदार म्हणून नव्हे, तर पक्षकार म्हणून ऐकून घेण्याचा हा पहिला ठळक प्रसंग होय.

त्यांचे दोन निर्णय विशेष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. एका परदेशी कंपनीनें वाढवण येथें प्रचंड बंदर बांधण्याची योजना १९९७ च्या सुमारास आणली होती. १९ सप्टेंबर १९९८ रोजीं प्राधिकरणानें, नाजूक क्षेत्राच्या नियमांत असें बंदर मुळींच बसत नाहीं, असा निर्णय दिला आणि ती योजना मागें पडली. दुसरा निर्णय औष्णिक केंद्राचा. धुरांतला गंधकाचा वायु धुऊन काढणारें यंत्र बसवावें, असा हुकूम प्राधिकरणानें १९९९ च्या मे महिन्यांत दिला. कंपनीनें वर दाद मागितली, वर्षें गेलीं, प्राधिकरणानें बँकेची हमी मागितली, आणि अखेर २००७ सालीं तें यंत्र चालूं झालें. चिकूच्या झाडाला याचा अर्थ उमगणार नाहीं. घोलवड-डहाणूच्या बागाइतदाराला मात्र उमगला. याच चिकूला पुढें २०१६ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली.

तथापि या दृष्टीलाही आपली मर्यादा होती, ती सांगितली पाहिजे. गंधक धुतला जातो. कोळसा जळल्यानें निघणारा कार्बनिक वायु धुतला जात नाहीं. हा वायु उष्णता अडवून धरतो हें जॉन टिंडलनें विलायतेंत गिब्सनच्याच काळांत, १८५९ नंतरच्या प्रयोगांनीं, दाखविलें होतें. आणि कोळसा जाळीत गेल्यानें पृथ्वीची उष्णता वाढेल, असा हिशेब स्वीडनच्या स्वांटे आऱ्हेनियस यानें १८९६ सालीं मांडला होता. तो वायु तालुक्याची हद्द ओळखीत नाहीं. डहाणूच्या बागा राखणारा अधिकार डहाणूच्या धुराड्यांतून आकाशांत जाणाऱ्या उष्णतेच्या कर्जापुढें निरुपाय होता. गिब्सनला डोंगर आणि विहीर यांचा संबंध जोडावा लागला. आतां मुंबईच्या घरांतला दिवा आणि समुद्राची वाढती पातळी यांचा संबंध जोडावयाचा होता, आणि एवढा लांबचा संबंध पाहणारी कचेरी अजून कोठेंच नव्हती.

न्यायमूर्ति धर्माधिकारी बावीस वर्षें, म्हणजे ३ जानेवारी २०१९ रोजीं मृत्यु येईपर्यंत, त्या पदावर राहिले. त्यानंतर वाढवणचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. ५ फेब्रुवारी २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें या बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. ३१ जुलै २०२३ रोजीं त्याच प्राधिकरणानें, ज्यानें १९९८ सालीं नकार दिला होता, अटी घालून होकार दिला. २०२४ च्या एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयानें विरोधी अर्ज फेटाळले, जूनमध्यें मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटि रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें पालघर येथें पायाभरणी झाली. समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा, वर्षाला २९ कोटि ८० लक्ष टन मालाची सोय करावयाची, आणि त्यांतून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारें १२ लक्ष लोकांना रोजगार मिळेल, असें सरकारचें म्हणणें आहे. वाढवण, वरोर व आसपासच्या गांवांतील मच्छीमारांचा विरोध मात्र तसाच राहिला. माशांच्या विणीच्या जागा भरावाखालीं जातील आणि अडविलेला समुद्र दुसरीकडे किनारा खाईल, ही त्यांची भीति.

किनारा तोच, अधिसूचना तीच, समुद्र तोच. मग नकाराचा होकार कसा झाला? या काळांत हवामानबदलाविषयींचें ज्ञान घटलें नव्हतें, उलट वाढलें होतें. राज्यकर्तेही त्याविषयीं उदासीन नव्हते. गुजराथचे मुख्यमंत्री असतां मोदी यांनीं २००९ सालीं त्या राज्यांत हवामानबदलाचें स्वतंत्र खातें काढलें, २०११ सालीं या विषयावर इंग्रजींत एक पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि २०१२ सालीं नर्मदेच्या कालव्यावर सौरपत्रे बसविण्याचा प्रयोग केला. ही दृष्टि पुरुषार्थाची आहे. संकट आलें तर त्यालाच संधि मानावें, सूर्यापासून वीज काढावी, यंत्र सुधारावें, देशाचा व्यापार वाढवावा आणि त्या संपत्तीच्या बळावर संकटाला तोंड द्यावें, असें ती सांगते. धर्माधिकाऱ्यांची दृष्टि मर्यादेची होती. कांहीं जागा अशा असतात कीं तेथें कितीही लाभ दिसला तरी हात लावूं नये, असें ती म्हणे. एकीला समुद्र हा राजमार्ग दिसतो, दुसरीला ठेव दिसते. दोघींच्या पोतडींत शास्त्रज्ञांचे अहवाल आहेत. परंतु अहवाल वाचून दृष्टि बनत नाहीं, दृष्टीप्रमाणें अहवाल वाचले जातात.

यावरून कोणत्याही एका राज्यकर्त्याला दोष देऊन मोकळें होतां येईल असें नाहीं. पुरुषार्थाची दृष्टि नसती तर तारापूरचा दिवा लागला नसता; मर्यादेची दृष्टि नसती तर डहाणूच्या वाड्या आज हिरव्या दिसल्या नसत्या. गिब्सननें पाणी पाहिलें पण माणूस पाहिला नाहीं. परुळेकर दांपत्यानें माणूस पाहिला, पण आकाश त्यांच्या कार्यक्रमांत नव्हतें. प्रत्येक दृष्टीला एक गोष्ट स्पष्ट दिसली आणि दुसरी तिच्याच सांवलींत गेली. म्हणून एखादा पुढारी हवामानाविषयीं काय बोलतो, याहून तो जमिनीला काय समजतो, पाणी कोणाचें मानतो आणि निर्णय घेण्यापूर्वीं कोणाला विचारतो, हें पाहणें नागरिकाला अधिक उपयोगाचें आहे.

२०२० सालच्या जूनमधील ‘निसर्ग’ आणि २०२१ सालच्या मेमधील ‘तौक्ते’ हीं वादळें कोंकणच्या किनाऱ्याला हादरे देऊन गेलीं, तेव्हां समुद्राकांठच्या घरांना या प्रश्नांची उत्तरें वाट पाहण्याजोगीं राहिलीं नाहींत हें उघड झालें. वाणगांवच्या स्टेशनावर संध्याकाळची गाडी येते. मिरचीच्या गोणी आणि माणसें चढतात, उतरतात. पूर्वेकडे राब भाजल्याचा वास ग्रीष्मांत अजून येतो. पश्चिमेकडे समुद्रांत भराव पडावयाचा आहे. हें रान आणि हा समुद्र यांच्याविषयीं हुकूम काढणारे अनेक होऊन गेले, पुढेंही होतील. त्यांच्या दप्तरांत ज्यांचीं नांवें क्वचितच आलीं, तो वारली आणि तो मच्छीमार, हे मात्र प्रत्येक हुकूमानंतर येथेंच राहतात. राज्यकर्त्याच्या दृष्टीची खरी परीक्षा घ्यावयाची असेल तर त्यांच्याच दारीं जावें लागेल.